दारातलं वेखंड

नवरात्र उठलं की कोल्हापूरचा पाऊस एकदाचा बाडबिस्तरा आवरतो. चार महिने धरण किती भरलं आणि पंचगंगेचं पाणी कुठवर आलं एवढ्याच गप्पांवर जगलेलं गाव मग गाद्या गच्चीवर टाकतं, छत्र्या माळ्यावर चढवतं आणि दुसऱ्याच दिवशी "काय ऊन हाय बाबा!" म्हणून कपाळाला हात लावतं. मुकाट्यानं सोसायची सवय आमच्या गावाला नाहीच.

याच दिवसांत रोज सकाळी मी चहाचा कप कट्ट्यावर ठेवून वाफ्याशी उकिडवी बसते आणि एकेका झाडाचं बूड दोन बोटांनी चाचपते. आयरिसची पानं पात्यासारखी, एकात एक बसलेली, पंख्यासारखी पसरलेली असतात. पंखा बुडाशी चपटा लागला तर नुसतीच पानं. आत फुलाचा दांडा धरला असेल तर बोटांना किंचित गोलाई लागते. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी ते बोटांना कळतं. आमचे हे वर्तमानपत्रामागून विचारतात, "काय हरवलंय का?" मी म्हणते, "काही नाही." गुडघ्यावर हात देऊन उठते, तोवर चहा गार झालेला असतो.

या फुलाची ओळख करून द्यायला हवी, कारण कोल्हापुरात त्याला कोणी ओळखत नाही. तीन पाकळ्या वर ओंजळीसारख्या मिटलेल्या, तीन खाली सोडलेल्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर पिवळ्या केसांची एक पट्टी. जाणकार त्या पट्टीला दाढी म्हणतात. मला ती दाढी कधी वाटली नाही, सुरवंट वाटतो. मूळचं थंड मुलखातलं झाड. थंडी सरताना एकदा फुलतं आणि उरलेलं वर्ष नुसती पानं मिरवतं. पण त्यात एक जात अशी आहे, की पाऊस संपल्यावर मनात आलं तर ती पुन्हा एकदा फुलते. मनात आलं तर, हे महत्त्वाचं. माझ्याकडची जात हीच, आणि तिच्या मनात बहुतेक वेळा येत नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आम्ही दोघं सिमल्याच्या बाजूला गेलो होतो. तोवर डॉक्टर, देवदेवस्की, उपासतापास सगळं करून झालं होतं, आणि मूल होणार नाही हे आम्ही एकमेकांशी न बोलताच कबूल केलं होतं. उतरलो होतो त्या घराच्या अंगणात ही फुलं होती. फिकट जांभळी, पांढऱ्या कपड्यावरचा जांभळाचा डाग कितीही धुतला तरी उरतो त्या रंगाची. मी दोन दिवस त्यांच्यासमोरून हलले नाही. बरोबरची मंडळी बर्फ बघायला गेली, मी फुलं बघत बसले. निघताना घरमालकिणीनं खुरप्यानं चार गड्डे उकरले, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि दोन बोटं दाखवून म्हणाली, "साल में दो बार." हे म्हणाले, "आलं न्यायला एवढ्या लांब आलो व्हय आपण?" पण परतीच्या सगळ्या प्रवासात ते गड्डे स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून यांनीच सांभाळले. त्या प्रवासातली आम्ही दोघं मला अजून आवडतात.

आमच्याकडची काळी माती ऊस पोसणारी. तिला पाणी धरून ठेवायचं तेवढं कळतं. आयरिसला नेमकं तेच सोसत नाही. त्याचा गड्डा पुरायचा नसतो, मातीवर नुसता टेकवायचा, पाठ उन्हात उघडी ठेवायची. आणि कोल्हापूरच्या माणसाला उघडा पडलेला गड्डा बघवत नाही. दूधवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस, फाटकातून आत आला की चपलेच्या टोकानं माती लोटायचा. "बाई, हळद उघडी पडलीया की! भर लावा तिला." मी माणूस गेला की माती परत बाजूला करायची. तरी पहिल्याच पावसाळ्यात चारांतले तीन गड्डे कुजले. बोट लावलं तर आत नुसती पेज, आणि वास असा की हात दोनदा धुवावा लागला. हे तेव्हा शिरोलीच्या एका फौंड्रीत होते. एका रविवारी त्यांनी विटांचे तुकडे आणि जाड वाळू आणून भिंतीलगत उंच वाफा बांधला, वर पावसापुरता पत्रा ठोकला. घाम पुसत म्हणाले, "आता बघू, कसं जगत न्हाय ते."

वाफा वाळतो न वाळतो तोच यांना मस्कतहून नोकरीचं बोलावणं आलं. दोन वर्षांचा करार होता.

एकटं राहायचं मला सुरुवातीला कौतुकच वाटलं. कोणासाठी भाकरी थापायला नको, कोणाची वाट बघायला नको. मी एका शाळेत भूगोल शिकवत होते. दिवसभर वर्गात बोलून घसा बसायचा, आणि घरी येऊन कुलूप काढलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला येईपर्यंत तोंड उघडायचं कारण नसायचं. मंडईत पावशेर भाजी मागितली की भाजीवाली मान वर करून बघायची. शुक्रवारी तिकडं सुट्टी, त्या दिवशी यांचा फोन यायचा. "जेवलीस का?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही, आणि आवाजाच्या मागं समुद्रासारखी नुसती घरघर ऐकू यायची. फोन ठेवला की घर आधीपेक्षा मोठं वाटायचं. मग मी वाफ्यापाशी जाऊन बसायची. त्या एका उरलेल्या गड्ड्याला बाजूनं पिलं फुटली होती. पानं तरारली होती. फूल मात्र नव्हतं.

पानांवरूनच घोटाळा झाला. आयरिसची पानं वेखंडाच्या पानांसारखी दिसतात, आणि खालचा गड्डाही तसाच गाठीगाठीचा. वेखंड म्हणजे आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीतली पहिली वस्तू. बाळाच्या गुटीत उगाळायला वेखंड, मनगटाला बांधायला वेखंड, टाळूला लावायला वेखंड. त्यामुळं मस्कतवाल्यांच्या शैलाबाईंच्या दारात वेखंड आहे, हे गल्लीनं आपसात ठरवून टाकलं. मी प्रत्येकीला सांगितलं, की अहो, हे वेगळं आहे, फुलझाड आहे. "मग फूल कुठं हाय?" असं त्या विचारायच्या. 

समोर शांताक्का राहायच्या. गुळाचा व्यापार असलेलं लिंगायत घर, माहेर निपाणीच्याही पलीकडचं. घरात कानडी, दारात कोल्हापुरी. कपाळभर विभूती, आवाज असा की गल्लीच्या टोकाला रिक्षा थांबायची. मला "शैला" म्हणून एकेरी हाक मारणारं त्या गल्लीत तेवढं एकच माणूस. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि संक्रांतीच्या आसपास तिला मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण द्यायला शांताक्कांची सून महादेवी कुंकवाचा करंडा घेऊन आली. मला कुंकू लावून ती सासूचा निरोप सांगू लागली, "अत्तींनी सांगितलंय, तुमच्या दारातल्या वेखंडाचा तुकडा पाहिजे म्हणून. संध्याकाळी येताना तुम्हीच घेऊन या."

मी नुकतीच शाळेतून आले होते. वर्गातला आवाज अजून गळ्यातच होता. "अगं, किती वेळा सांगायचं? वेखंड नाही ते. विष आहे. बाळाच्या पोटात गेलं तर उलट्या होतील."

महादेवीचा चेहरा उतरला. तिनं करंड्याचं झाकण लावलं आणि निघून गेली. बोलले त्यात तसूभर खोटं नव्हतं. या झाडाचा गड्डा बाळाला बाधला असता. पण बारशाच्या दिवशी, जिच्या घरात पाळणा हलला नाही अशा बाईच्या तोंडून तो शब्द गेला होता. भाजीवालीनं दुसऱ्याच दिवशी मला माझ्याबद्दलची बातमी सांगितली, आमच्याकडं आडपडदा नसतो. "लेकराच्या कामाला इवलासा तुकडा मागितला तर विष म्हणाला म्हणं तुमी? असं बोलू ने बाई. असतंय एकेकाच्या पोटात दुखनं, पन तोंडावर बोलू ने." मी पावशेर गवार पिशवीत टाकून घरी आले.

पण ते दुसऱ्या दिवशी. बारशाच्या संध्याकाळी मी आधी इरकली नेसले होते. झबलं-टोपडं आणून ठेवलं होतं. समोरच्या दारात चपलांचा ढीग वाढत गेला. मी दोनदा दारापर्यंत गेले. बाळाला हात लावताना कोणीतरी माझ्या हाताकडं बघेल, एवढं एकच मनात येत होतं. यापूर्वी तशी नजर मी दोन-तीन बारशांना अंगावर घेतली होती. शेवटी लुगडं सोडलं, दिवा मालवला आणि घरात कोणी नाही असं दाखवून अंधारात बसून राहिले. मग कधीतरी पाळण्याची गाणी सुरू झाली, कानडी आणि मराठी एकमेकांत मिसळून. मला तेव्हा रडू आलं नाही. राग आला होता, गल्लीचा, शांताक्कांचा, त्या झाडाचा, आणि मस्कतला जेवून झोपलेल्या माणसाचा.

त्यानंतर समोरचं दार आणि माझं दार समोरासमोर उघडत राहिली, पण आम्ही एकमेकींकडं बघणं बंद केलं. त्या सडा टाकायला बाहेर आल्या की मी आत जायची. मी फाटक उघडलं की त्या वळून तुळशीशी काहीतरी करायच्या. जाणूनबुजून न बघायला फार कष्ट पडतात. दिवसभर त्या माणसाचा पत्ता ठेवावा लागतो.

चैत्रात पहिल्यांदा दांडा वर आला. त्यावर बोटभर लांबीची कळी. मी मनाशी बेत केला होता, की फूल उमललं की फाटक सताड उघडं टाकायचं, काही बोलायचं नाही, बघू दे सगळ्यांना. कळीच्या टोकाला रंग दिसायला लागला आणि त्याच दुपारी वळीव आला. गारा पत्र्यावर तडतडल्या. पत्रा पावसापुरता होता, वाऱ्यापुढं त्याचं काही चाललं नाही. दांडा मधोमध मोडून चिखलात पडला. मी ती कळी नखानं उकलून बघितली, आत जांभळ्या कागदाच्या घडीसारखं काहीतरी होतं. मग दसऱ्यानंतरची वाट बघायची तेवढं राहिलं.

आता हे आठवताना हसू येतं. आता आमच्या गल्लीत गल्ली म्हणावं असं काही उरलेलं नाही. शांताक्का जाऊन पाच-सहा वर्षं झाली. मुलांनी घर पाडून तीन मजले चढवले. नवीन राहायला आलेली माणसं फार सभ्य आहेत. हात जोडतात, दिवाळीला मिठाईचा बंद पुडा देतात, कोणी कोणाकडं विरजण मागत नाही. आमचे हे दोन वर्षांचे सात करून परत आले. एव्हाना मला एकटीनं जेवायची आणि त्यांना गर्दीत एकटं राहायची सवय लागली होती. भांडण नाही, तंटा नाही. ते पेपर वाचतात, मी माती उकरते. मागं एकदा कार्तिकात फूल आलं तेव्हा मी त्यांना हाताला धरून नेलं. ते म्हणाले, "छान आहे," आणि जरा थांबून, "हे आपण सिमल्याहून आणलं होतं, नाही?" मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं, पण त्या दिवशी मी दोघांसाठी पुरणाचा घाट घातला.

गारांनी कळी मोडली त्या वर्षीचा दसरा झाला. बोटांना गोलाई लागली ती दिवाळीच्या तोंडावर. मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. या दिवाळीला हेही येणार होते, रजा मंजूर झाली होती. म्हणजे फूल आणि माणूस एकदमच. मी घर झाडलं, शंकरपाळ्या केल्या, त्यांना आवडतो तसा जाड शेवेचा घाणा काढला. शुक्रवारी फोन आला. करार वाढवलाय, रजा रद्द झाली, म्हणाले. मी म्हटलं, "बरं." ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, "नाही." फोन ठेवून मी शेवेच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

कळी उमलली भाऊबीजेच्या सकाळी. दिवसच वाईट निवडला तिनं. भाऊबीजेला आमची गल्ली ओस पडायची. कोण भावाकडं, कोण बहिणीकडं, दारादाराला कुलपं आणि पायरीवर पुसट झालेल्या रांगोळ्या. मला भाऊ नाही. मी एकटी त्या फुलासमोर उभी राहिले. ते खरंच तसंच होतं, सिमल्यासारखं, उलट जरा मोठंच. ऊन त्यातून आरपार जात होतं. द्राक्षासारखा मंद वास होता. आणि ते एवढं चांगलं होतं म्हणूनच मला सहन होईना. फूल दोन-तीन दिवस टिकणार, माणसं परत येईतो त्याचा बोळा होणार, आणि माझ्या दारात वेखंड आहे ते आहेच. एका तरी माणसानं हे बघायला हवं होतं. एका तरी तोंडानं "फूल हाय" म्हणायला हवं होतं.

समोरचं एकच दार नुसतं लोटलेलं होतं. शांताक्का वसुबारसेला सडा टाकताना घसरल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये होता, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. घरची सगळी गावाला गेली होती. त्यांना काही माझ्या वाफ्यापर्यंत येता येणार नव्हतं. मी कात्री आणली. दांड्यावर अजून दोन कळ्या होत्या. तीन वर्षं वाट पाहून फुललेला पहिलाच दांडा, आणि मी तो कचकन कापला.

"कोन हाय?"

"मी. शैला."

आत कॉट करकरली. मग त्या म्हणाल्या, "मग दार ढकल की. मला काय उठाय येतंय व्हय?"

त्या कॉटवर पाय लांब करून बसल्या होत्या. कधी नव्हे ते बारीक दिसत होत्या. मी फूल पुढं केलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, "अक्का, हे बघा. वेखंड नव्हतं. फुलझाडच होतं. मी खोटं बोलले नव्हते."

त्यांनी दांडा हातात घेतला. फूल उन्हाकडं धरलं, फिरवलं, पिवळ्या पट्टीवरनं एक बोट हळूच ओढलं. "लई देखणं हाय गं," म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहिलं. "ह्ये दाखवाय आलीस?"

"हो."

"एवढं दिवस ह्येच धरून बसलीस व्हय मनात?"

"तुम्ही बाळासाठी मागितलंत, आणि मी नाही म्हटलं. गल्ली काय काय बोलली..."

"गल्लीच्या तोंडाला काय कुलूप हाय?" त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा चढला आणि तसाच खाली आला. "अगं खुळे, वेखंड कुठल्याबी वाण्याकडं मिळतंय की. आमच्या डब्यात हुतं तवाबी. तुज्या दारातलं कशाला मागीन मी?"

"मग?" मी विचारलं.

"तू लेकराच्या कार्यात मागं मागं ऱ्हातीस, ह्ये मला दिसत न्हाय व्हय? नुसतं 'ये' म्हटलं तर येनार न्हाईस तू. काहीतरी काम अंगावर टाकलं की माणसाला यायला बरं पडतंय. तू वेखंड घेऊन येशील, मग म्हनीन, बांध तूच बाळाच्या हाताला, असा माजा बेत. न्हवतं वेखंड तर न्हवतं. मोकळी यायचीस."

"मला वाटलं..."

"दिवा मालवून बसलीस. आमी काय समजायचं?" त्यांनी फूल मांडीवर ठेवलं. "पाळणा खोळंबून ठेवला हुता म्या. बायका वराडाय लागल्या, पोरगी भुकेजली. मी म्हनत हुते, समोरची यिऊ द्या, समोरची यिऊ द्या. मी थोरली. एकदा माणूस धाडलं. परत कितींदा धाडू?"

मी त्यांच्या कॉटच्या कडेला बसले. माझ्या अंधाऱ्या घरात बसून मी ती गाणी ऐकली होती. ती उशिरा सुरू झाली होती, हे मला आत्ता आठवलं. त्या उशिरात मी दोनदा दारापर्यंत येऊन मागं फिरले होते.

"बाळ कसं आहे?" मी विचारलं.

"कवाच गेली सासरी, आईसंगं. हातकणंगल्याला. आता रांगाय लागलीया, म्हणत्यात."

ती तीन महिने माझ्या दारासमोर होती. उन्हात तेल लावून पडलेली असायची, रात्री रडायची, सगळे तिला पुट्टी पुट्टी, म्हणजे कानडीत छोटी, म्हणून हाका मारायचे. मी खिडकी लावून घ्यायची. शांताक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला रडू फुटलं, आणि ते आवरल्यावर मला जे विचारायचं होतं ते विचारायचीही लाज वाटली. तरी विचारलं.

"अक्का, नाव काय ठेवलं तिचं?"